राळेच्या दोन वड्या

१

मालकाने फडकं उचललं, तर फडक्याबरोबर व्हायोलिनही वर आलं.

“अरे, अरे, अरे!” करत दाजींनी खालून हात लावला म्हणून निभावलं. नाहीतर आबांनी बनवलेलं शेवटचं व्हायोलिन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर आपटलं असतं. फडकं सोडवताना चर्र आवाज झाला आणि लाकडावर सुताचे तंतू राहिले. कोऱ्या लाकडावर कुणीतरी आधीच रोगण चढवलं होतं, आणि ते वाळलं नव्हतं. गुळाच्या ढेपेसारखं चिकट होतं.

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या बाईंनी चष्मा सारखा केला. जन्मभर शाळेत गणित शिकवून त्या केव्हाच्या घरी बसल्या होत्या. आज इथे पाहुण्या म्हणून आल्या होत्या, आणि पाहुण्यांनी भांडणात तोंड घालू नये एवढी रीत त्यांना ठाऊक होती. पण या खोलीतला मालक त्यांचा विद्यार्थी, त्याची ताई त्यांची विद्यार्थिनी, आणि कोपऱ्यातल्या बाकाशी मान खाली घालून उभा असलेला मिस्त्रीही काही काळ त्यांच्याच वर्गात बसलेला. एकटे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तेवढे परक्या शाळेतले.

मालकाचे आणि ताईचे वडील आबा, त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं अर्धवट राहिलेलं काम वर्षभर फडक्याखाली झाकून ठेवलेलं. आज सगळ्यांनी जमायचं, मिस्त्रीने सगळ्यांसमोर आबांच्या पद्धतीचं रोगण शिजवायचं, आणि प्रत्येकाने एकेक हात मारायचा, असं मालकानेच हौसेनं ठरवलं होतं.

“कारखान्याच्या किल्ल्या तीन,” मालकाचा आवाज चढला. “एक माझी, एक ताईची, एक मिस्त्रीची. मी हात लावलेला नाही. ताई?”

“मला काय खाज आलीय?” ताई फणकारली.

“मग राहिला कोण? पलीकडच्या पेठेतल्या कारखान्याने तुला बोलावणं धाडलंय, मिस्त्री. मला कळत नाही असं वाटलं? जायचं तर जा, पण जाताजाता आबांच्या हातचं शेवटचं काम नासवून जायचं?”

मिस्त्रीने वर पाहिलं. “मी काय बोलणार, मालक,” एवढंच म्हणाला.

“नको बोलूस! संध्याकाळपर्यंत खरं सांग, नाहीतर हत्यारं गुंडाळ आणि चालू लाग.”

आता कुणालाही वाटेल की माणूस हातापाया पडेल, निदान शपथा तरी घेईल. मिस्त्रीने तसलं काही केलं नाही. मेणकापड काढलं, बाकावर पसरलं, आणि एकेक पटाशी पुसून त्यात ठेवायला सुरुवात केली.

ते बाईंना बघवेना. रीत गेली खड्ड्यात. “ए हातचा,” त्यांनी मालकाला हाक मारली. वर्गात बेरीज करताना हा नेहमी हातचा विसरायचा, तेव्हापासून तेच नाव पडलेलं. “संध्याकाळ दूर आहे. तोवर मला जरा बघू दे.”

२

बाईंनी आधी शेगडीजवळचं भांडं पाहिलं. रोगण त्यातच शिजवलेलं. जवळजवळ सगळं अजून भांड्यातच होतं. व्हायोलिनला लागून लागून लागणार किती? शेजारी आबांच्या हातची बरणी रिकामी पालथी घातली होती. तेल आणि मेण एकत्र वितळवून आबांनी ती भरून ठेवलेली, बरोबर दहा मापं. त्यात राळ मिसळली की रोगण तयार.

वर खिळ्याला ब्रश टांगलेला होता. धुतलेला, केस सरळ केलेला.

“नासवायला आलेला माणूस ब्रश धुऊन टांगतो का रे?” बाईंनी विचारलं.

“ब्रश धुतल्याशिवाय ठेवलेला आबांना खपायचा नाही,” ताई म्हणाली. “आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय ते.”

फळीवर राळेचं खोकं होतं. पूर्वी राळ ढेकळांनी यायची आणि खलबत्त्यात कुटावी लागायची. आता नव्या व्यापाऱ्याकडून पहिल्यांदाच वड्या आलेल्या, एक वडी म्हणजे एक माप. हे खोकं वीस वड्यांचं, मालकाने आजच्यासाठीच आणलेलं. बाईंनी वड्या मोजल्या. अठरा.

“दोनच घातल्या,” मालक म्हणाला. “बघा! दोन वड्यांत काय होणार? राळ कमी पडली की रोगण जन्मात वाळत नाही, हे इथल्या उंदरालासुद्धा ठाऊक आहे. मुद्दाम केलंय.”

“आणि किती घालायच्या असतात?”

“आबांचं कोडं आहे ना.” ताईच्या चेहऱ्यावर इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं. “लहानपणी झोपताना ऐकायचो आम्ही.” आणि तिने ते तालावर म्हणून दाखवलं:

“राळेच्या निम्मं तेल, राळेचा तिसरा हिस्सा मेण,
दोन्ही मिळून मापं दहा, राळ किती ते तूच पाहा.”

बाईंनी सुताराची जाड पेन्सिल उचलली. समोर एक फळी पडली होती. समीकरण दिसलं की हात शिवशिवतो, त्याला काही औषध नाही. त्यांनी मांडलं. राळ क्ष. क्षचा अर्धा अधिक क्षचा तिसरा हिस्सा बरोबर दहा. छेद दोन आणि तीन, त्यांचा लसावि सहा. सगळ्याला सहाने गुणायचं. डावीकडे तीन क्ष आणि दोन क्ष, म्हणजे पाच क्ष. उजवीकडे साठ. क्ष बरोबर बारा. बारा वड्या.

पेन्सिल तशीच हातात राहिली. बाई त्या साठकडे बघत बसल्या. मग त्यांनी साठ पुसला आणि तिथे नुसता दहा लिहिला. पाच क्ष बरोबर दहा. क्ष बरोबर दोन.

ही चूक त्यांनी किती वह्यांत पाहिली होती! छेद घालवायच्या नादात पोरं अपूर्णांकांना तेवढी गुणतात, आणि ज्याच्याखाली छेद नाही तो बिचारा पूर्णांक तसाच उपाशी राहतो. “पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला वाढायचं, ओळख असो नसो,” असं त्या वर्गात ओरडून ओरडून सांगायच्या. त्या वर्गाचं आता गोदाम झालंय, फळ्याच्या भिंतीला पोती टेकलेली असतात. येताना त्याच रस्त्याने आल्या होत्या, आणि थोडा वेळ दाराशी उगाच उभ्या राहिल्या होत्या.

“हातचा,” बाई सावकाश म्हणाल्या, “नासवायचं असतं तर माणूस एक टाकेल, पाच टाकेल, नाहीतर मुळीच टाकणार नाही. दोनच का? दोन हे उत्तर आहे. चुकलेलं, पण प्रामाणिकपणे काढलेलं. ज्याने हे केलं, त्याला रोगण चांगलंच व्हायला हवं होतं.”

कोपऱ्यात पटाशी पुसणारा हात थांबला होता.

३

पहिला संशय मालकावरच. हातचा विसरणारा पोरगा पूर्णांक विसरला तर नवल काय! शिवाय बापाचं काम स्वतःच्या हाताने पुरं करायची हौस त्याला नसेल कशावरून? आणि बिघडलं म्हटल्यावर खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं, हा तर जगाचा धर्म.

बाई त्याला बाहेर ओट्यावर घेऊन गेल्या.

“एक गणित सोडव बघू. मूठभर शेंगदाणे होते. निम्मे तू खाल्लेस, पाव हिस्सा ताईने खाल्ला, दोघांचे मिळून नऊ. मुठीत होते किती?”

“बाई, इथे माझं घर जळतंय आणि तुम्ही शेंगदाणे काय...”

“सोडव म्हणते ना!”

मालकाने मुकाट्याने ओट्यावरच्या धुळीत बोट फिरवलं. चाळिशी उलटलेला, कानावर पांढरे केस आलेला माणूस, पण जीभ तशीच दातांत धरलेली. “चारने गुणलं. दोन क्ष अधिक क्ष, तीन क्ष. इकडे छत्तीस. बारा.” मग मान वर करून म्हणाला, “नऊला गुणायचं विसरेन असं वाटलं ना? तुम्ही माझा कान असा पिळलायत की आता झोपेतही विसरणार नाही.”

बाईंना त्याही स्थितीत हसू फुटलं. “दुखला होता?”

“दुखला तर! पण आज कुणी पिळणारंच नाही, त्याचं जास्त वाईट वाटतं.” त्याने धूळ पुसून टाकली. “ते व्हायोलिन मी विकणार नव्हतो, बाई. आबा गेले तेव्हा मी गावाला होतो. शेवटची भेट नाही. म्हटलं, निदान त्यांच्या कामाला सगळ्यांनी मिळून हात लावू.”

मग दाजी आले. तेच गणित त्यांनाही. त्यांना समीकरण वगैरे काही ठाऊक नव्हतं. “आठ धरू. चार आणि दोन, सहा. कमी पडले. बारा धरू. सहा आणि तीन, नऊ. झालं, बारा.” अंदाज धरून ताडून बघणारा माणूस. तो कुठेही चुकला तरी इथे चुकणार नाही, कारण दोन धरून पाहिला असता तर तिथल्या तिथे कळलं असतं.

ताईने तर गणित पुरं ऐकूनही घेतलं नाही. “बारा. बाई, माझी परीक्षा कशाला?”

“तुला ही जागा विकायची आहे म्हणे.”

“हो, आहे. छप्पर गळतंय, गिऱ्हाईक नाही, भाऊ झिजून चाललाय. पण त्यासाठी मी आबांचं व्हायोलिन नासवीन?” तिचे डोळे भरले. “या बाकाखाली बसून मी भुशाची घरं केलीत. विकायचं म्हणते म्हणून मला इथलं काही वाटत नाही असं नाही.”

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “आणि मिस्त्री? तो सोडवील का गणित?”

“त्याला कशाला गणित? आबा आणि तो, दोघेही नाकाने काम करायचे. राळ थोडी थोडी सोडत जायची आणि वास पालटला की थांबायचं. कोडं आम्हा पोरांच्या करमणुकीसाठी. मिस्त्रीने आयुष्यात मापं मोजली नाहीत.”

म्हणजे तिघांची उत्तरं बरोबर, आणि चौथ्याला उत्तराची गरजच नाही. तरी कुणीतरी दोन वड्या टाकल्या होत्याच. बाई ओट्यावर एकट्याच बसून राहिल्या. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असं झालं नव्हतं की चूक समोर आहे आणि चुकणारा सापडत नाही.

४

ऊन कललं तेव्हा बाई आत गेल्या. बाकीचे पुढच्या खोलीत चहा घेत होते. मिस्त्रीची हत्यारं जवळजवळ गुंडाळून झाली होती. एका तुटक्या खुर्चीचा पाय मात्र त्याने जोडायला घेतला होता, शेगडीवर सरसाचं भांडं ठेवलं होतं.

“जायचंय तर हे कशाला?” बाई म्हणाल्या.

“शेजारच्या आजीची खुर्ची आहे. कबूल केलं होतं.”

त्या जवळ बसल्या. या माणसाला वर्गात लाकड्या म्हणायचे. खिशात कायम लाकडाची ढलपी, तासाला बाकाखाली ती कोरत बसायचा. “तुला शाळा आठवते का रे?”

“आठवते की. खिडकीशेजारचं बाक. तुम्ही खडू मोडून अर्धा टेबलावर ठेवायच्या.” मिस्त्री जरासा हसला. “छेद घालवायला तुम्हीच शिकवलंत. दोन आणि तीन असले तर सहा घ्यायचा, की खालचे आकडे पळून जातात. मला फार मजा वाटली होती त्याची. घरी जाऊन वडिलांना दाखवणार होतो.”

“मग दाखवलंस?”

“घरी गेलो तर ते गेले होते. दुसऱ्या दिवशी आबांनी इथे आणलं मला. काम पण दिलं आणि जेवण पण.”

बाई काही बोलणार, तेवढ्यात त्यांना ठसका लागला. सरस करपला होता. जळक्या शिंगांसारखी घाण खोलीभर पसरली, पुढच्या खोलीतून ताई ओरडली, “अहो, काय जळतंय?” आणि शेगडीशेजारी गुडघा टेकून बसलेला मिस्त्री खुर्चीचा पाय शांतपणे घासत होता. ताईची हाक ऐकून त्याने भांड्याकडे पाहिलं, धूर पाहिला, आणि दचकून ते खाली ओढलं.

मग त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“कधीपासून?” बाईंनी हळूच विचारलं.

मिस्त्रीचा चेहरा पडला. “गेल्या हिवाळ्यात ताप आला होता, त्यातून उठलो तो असाच. काहीच येत नाही, बाई. फुलाचा नाही, भाताचा नाही, राळेचा नाही. कुणाला सांगू? नाक नसलेला रोगणवाला कोण ठेवील?”

५

बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. मिस्त्रीने एकदा “नको” म्हटलं, पण बाईंनी डोळे वटारले तेव्हा गप्प बसला.

“रोगण यानेच लावलं,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे मी म्हणत होतो तेच!” मालक उठला.

“खाली बस. पुरं ऐकून घ्यायची सवय तुला तेव्हाही नव्हती. याचं नाक गेलंय. मघाशी सरस करपला, तुम्हाला तिकडे पुढे कळलं, याला शेगडीशी बसून कळलं नाही. तू आज सगळ्यांसमोर त्याला रोगण शिजवायला लावणार होतास. वासाशिवाय कसं शिजवणार? आज ती वेळच येऊ नये, म्हणून हा सुट्टीच्या दिवशी एकटा येऊन शिजवून लावून गेला. नाक नाही म्हटल्यावर उरलं काय? आबांचं कोडं. रोगणासाठी जन्मात पहिल्यांदा याने गणित मांडलं, आणि माझ्याकडे जेवढं शिकला होता तेवढं अगदी बरोबर केलं. छेद घालवले. पण समीकरणाची दुसरी बाजू पण गुणायची, हे मी दुसऱ्या दिवशी शिकवलं. त्या दिवशी हा वर्गात नव्हता. याचे वडील गेले होते.”

ताईने तोंडावर हात धरला. दाजींनी दुसरीकडे पाहिलं.

मालक मिस्त्रीकडे वळला. “पण तुझा हात? इतकी वर्षं शिजवतोयस. दोनच वड्यांत राळ कमी पडतेय, हे तुझ्या हाताला कळलं नाही?”

“कळलं होतं.” मिस्त्रीचा आवाज जेमतेम निघाला. “हात म्हणत होता, कमी आहे. पण वड्या नव्या, कधी वापरल्या नव्हत्या. म्हटलं, हात चुकेल, बाईंचं गणित कसं चुकेल?”

बाईंनी इतक्या पोरांना शिकवलं, पास केलं, नापास केलं. स्वतःच्या हातापेक्षा त्यांच्या तासावर जास्त विश्वास टाकणारा हाच एक, आणि तो त्यांच्या वर्गात धड वर्षभरसुद्धा बसला नव्हता. त्यांनी पदराने चष्मा पुसला, मग आवाज नेहमीसारखा कडक केला.

“ये इकडे. तुझा एक तास राहिलाय.”

सुताराची पेन्सिल मिस्त्रीच्या हातात दिली. त्याने फळीवर मांडलं. छेद पळाले, पाच क्ष आले. मग तो थबकला.

“आता त्या दहाला विचार, बाबा तू जेवलास का,” बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने दहाला सहाने गुणलं. साठ. भागिले पाच. “बारा,” तो म्हणाला. मग कुणी न सांगता ताडून पाहिलं: बाराचे निम्मे सहा, बाराचा तिसरा हिस्सा चार, सहा आणि चार दहा. “बारा हो, बाई!” पिकल्या मिशीचा माणूस, पण आवाज बाकावरच्या पोराचाच होता.

“म्हणजे भांड्यात अजून दहा वड्या घातल्या की झालं,” दाजी म्हणाले. “आबांची बरणी वाया गेलेली नाही. व्हायोलिन स्पिरिटने पुसून घेऊ.”

“झालं नाही.” मिस्त्रीने मान हलवली. “राळ कधी कडक येते, कधी मऊ. बारा म्हणजे दारापर्यंत पोचलो. पुढचं वासावरच. आणि तो मला येणार नाही. मालक, त्या पेठेतल्या लोकांना मी केव्हाच नाही म्हणून कळवलंय. पण इथेही माझा आता उपयोग नाही. तुमचं बरोबर होतं.” त्याने मेणकापडाची गुंडाळी उचलली.

मालक पुढे आला. ती गुंडाळी त्याच्या हातातून घेतली, बाकावर ठेवली, गाठ सोडली.

“शेगडी पेटव,” म्हणाला. “वास मी घेतो.”

“तुम्ही? तुम्ही कधी भांड्यापाशी उभे राहिला नाहीत. तुम्हाला कुठला तो ओळखू येणार?”

“नाही आला तर नाही. पेटव तर खरी.”

रोगण पुन्हा तापलं. मिस्त्री एकेक वडी फोडून सोडत होता, ढवळत होता, आणि मालक वाफेवर वाकून उभा होता. पाच झाल्या, सात झाल्या. “काही कळत नाही रे,” तो पुटपुटला. ताई मागे उभी राहून फळीवरचे आकडे उगाच पुन्हा पुन्हा वाचत होती. नववी गेली. दहावीचा तुकडा भांड्यात विरघळला, आणि मालक एकाएकी ताठ झाला.

त्याने डोळे मिटले. संध्याकाळी दार उघडायचं, दोन हात यायचे, उचलून खांद्यावर घ्यायचे. त्या सदऱ्यात, त्या मानेपाशी नाक खुपसलं की हाच वास. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो वास आबांचा आहे. तो रोगणाचा आहे, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

“मालक?” मिस्त्रीने पळी धरून विचारलं. “आला का?”

मालकाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

“आले रे,” तो म्हणाला. “आबा आले.”

मिस्त्रीने भांडं खाली उतरवलं.